‘प्लॅन फॉरवर्ड कर ना’ म्हणणाऱ्या सगळ्या मंडळींना खुले पत्र

मंडळी नमस्कार,

कॅलिफोर्नियातल्या लॉस्ट कोस्टच्या ट्रेकचे फोटो बघितल्यापासून तुमच्यातल्या प्रत्येकाचा मला जवळजवळ एकच मेसेज आलाय, “भारीच रे, आम्ही पण चार-पाच जण निघतोय, तुमचा प्लॅन फॉरवर्ड कर ना.” प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर टाईप करून अंगठा दुखायला लागला म्हणून हे एकदाच सगळ्यांसाठी लिहितोय. प्लॅन मी पाठवणार नाहीये. भाव खातोय असं वाटेल, वाटू दे, पण शेवटपर्यंत वाचा आणि मग शिव्या घाला.

आम्ही पण असाच एक तयार प्लॅन मागून आणलेला. देणारा माणूस चांगला होता, प्लॅन पण चांगला होता, कुठल्या दिवशी किती मैल, मुक्काम कुठे, पाणी कुठल्या ओढ्याला, सगळं छान एक्सेलमधे. चूक त्याची काहीच नाही, तो प्लॅन त्याच्या तारखांचा होता एवढंच. आणि या किनाऱ्यावर तारीख बदलली की प्लॅनची रद्दी होते हे आमच्यातले दोघं कंबरभर पाण्यात उभे राहिल्यावर आम्हाला चौघांना कळलं.

आधी जागा नीट समजून घ्या, कारण फोटोत फक्त काळी वाळू आणि धुकं दिसतं आणि सगळ्यांना वाटतं बीचवर चालायचं तर आहे, त्यात काय. कॅलिफोर्नियाचा हायवे १ समुद्राला चिकटून वर उत्तरेला येतो आणि इथे येऊन चक्क हात टेकतो, आत वळतो, कारण डोंगर इतके खडे आहेत की किनाऱ्याने रस्ता काढणं परवडलंच नाही. म्हणून हा किनारा ‘हरवलेला’. किंग पीक नावाचं शिखर ४,०८८ फूट उंच आहे आणि समुद्रापासून सरळ रेषेत जेमतेम तीन मैल, म्हणजे चढ काय असेल बघा. हा सगळा भाग १९७० पासून किंग रेंज नॅशनल कॉन्झर्वेशन एरिया म्हणून राखलेला आहे. मटोल नदीच्या मुखापासून शेल्टर कोव्हच्या ब्लॅक सँड्स बीचपर्यंत साधारण २५ मैल, म्हणजे चाळीसेक किलोमीटर. लोक उत्तरेकडून दक्षिणेकडे चालतात कारण वारा बहुतेक वेळा वायव्येचा असतो आणि तो पाठीवर घेतलेला बरा. परमिट लागतं, फोनला रेंज नाही, आणि एक गाडी शेवटी लावून ठेवायची म्हटलं तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला वळणावळणाच्या रस्त्याने दोनेक तास जातात.

आणि या चाळीस किलोमीटरमधे साधारण चार-चार मैलांचे दोन पट्टे असे आहेत की भरतीच्या वेळी तिथे वाळूच नसते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पॅसिफिक, मधे तुम्ही. पहिला सी लायन गल्च ते रँडल क्रीक, दुसरा मिलर फ्लॅट ते गिचेल क्रीक. पुंता गोर्डाच्या जवळ एक छोटी अडचणीची जागा आहे ती वेगळीच. म्हणजे सगळा ट्रेक या दोन पट्ट्यांभोवती बांधायचा असतो आणि ते दोन पट्टे ओहोटीभोवती. मुक्काम, जेवण, झोप, कोण किती दमलंय, हे सगळं नंतर.

आता आमचं काय झालं ते सांगतो. त्या एक्सेलमधे टाईडच्या रकान्याशेजारी पिवळ्या रंगात लिहिलेलं होतं, “वेळेत १ तास मिळवायला विसरू नका!!” दोन उद्गारचिन्हं. आम्ही नाही विसरलो. आमच्यात एक हिशेबी मैत्रीण आहे, तिने आमच्या तारखांच्या ओहोटीच्या वेळा नोआच्या साईटवरून काढल्या (नोआ म्हणजे तिकडचं समुद्र-हवामान खातं), छान कागदावर उतरवल्या, प्रत्येकीत एक तास मिळवला, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. नंतर डोकं खाजवल्यावर उलगडा झाला की त्या आधीच्या माणसाकडचं छापील टेबल हिवाळ्याच्या मूळ वेळेत होतं, उन्हाळ्यात तिकडे घड्याळं तासभर पुढे करतात म्हणून त्याला तास मिळवावा लागला. आमच्या वेळांमधे तो तास आधीच धरलेला होता. म्हणजे आम्ही तो दोनदा मिळवला. खरी ओहोटी सकाळी ९:१२ ला, आमच्या कागदावर १०:१२. तिला दोष देत नाहीये हां, आम्ही तिघं तर तिच्या कागदाकडे नीट बघितलंही नव्हतं, “तू बघतेयस ना, मग झालं” असं म्हणून मोकळे झालो होतो. खरा गाढवपणा तो.

ठरलं होतं साडेआठला सी लायन गल्चवरून निघायचं, म्हणजे पाणी उतरत असताना आत शिरायचं आणि ते परत वर चढायच्या आत पलीकडे. निघालो सव्वानऊला. उशीर का झाला, तर डब्यामुळे. तिकडे काळी अस्वलं आहेत, म्हणून खाणं आणि वास येणारं प्रत्येक सामान, टूथपेस्ट, सनस्क्रीन, ओठांना लावायचं ते मेण सुद्धा, जाड प्लॅस्टिकच्या बेअर कॅनिस्टरमधे ठेवावं लागतं, हा नियम आहे, ऐच्छिक नाही. आमचा डबा उघडायला नाणं लागायचं, झाकणाच्या खाचेत घालून फिरवायचं. चौघांत मिळून एक नाणं नाही! सगळे फोनने पैसे देणारे. आदल्या रात्री एकाकडे पंचवीस सेंटचं एक होतं ते वाळूत पडलं. तर सकाळी धुक्यात गारठलेल्या बोटांनी चमच्याच्या मागच्या बाजूने खटपट, मग सुरीच्या पाठीने, अस्वलाने सुद्धा कंटाळून नाद सोडला असता. पाऊण तास गेला त्यात. पण आम्ही निवांत, कारण कागदावर अजून तासभर हातात होता.

चालताना वेगाचं पण एक खूळ डोक्यातून काढून टाका. साध्या रस्त्यावर तासाला तीन मैल चालणारा माणूस तिथे तासाला एक-सव्वा मैलावर येतो. वाळू असेल तर पाय घोट्यापर्यंत रुततो, वाळू नसेल तर गोटे, नारळापासून ते फ्रीजएवढे, ओले, शेवाळलेले, आणि जे घट्ट दिसतात तेच नेमके हलतात. पाठीवर पंधरा किलो. साडेदहाच्या सुमारास कुस्की क्रीकला पोचलो, तिथे ओढ्याच्या दरीमुळे कड्याला जरा फट आहे, वर सरकून बसता येतं. आमच्या समजुतीने पाणी नुकतंच पार तळाला गेलेलं. प्रत्यक्षात पाणी सव्वा तास चढत होतं. पुढे निघालो. अर्ध्या तासात एक कड्याचं नाक आलं जिथे लाट कड्यावर आपटून परत येत होती. फोटोवाला मित्र म्हणाला दोन लाटांच्या मधे पळू. पळाला पण. लाट मांडीपर्यंत आली, मग दुसरी कंबरेपर्यंत, आणि परत जाताना तिने त्याच्या पायाखालचे गोटे खडखडखड करत ओढून नेले, तो आवाज मला अजून ऐकू येतो, जणू कुणी पोत्यातून बटाटे ओततंय. मी त्याच्या सॅकची पट्टी पकडली तेव्हा मी पण कंबरभर पाण्यात. कुणी काही बोललं नाही. मागे फिरलो, कुस्की क्रीक.

पुढची ओहोटी रात्री साडेनऊच्या पुढे, अंधारात. त्यामुळे दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराची ओहोटी पकडून निघालो (साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते ना रोज), या वेळी पाणी उतरत असतानाच शिरलो, आणि तेच नाक कोरड्या बुटांनी पार केलं. कोरड्या म्हणजे आदल्या दिवशीइतके ओले नाहीत अशा. कालची जागा ओळखू पण आली नाही, वीस फूट रुंद वाळू पडलेली.

त्या अडकलेल्या दुपारी मात्र आम्ही जे शिकलो ते कुठल्या एक्सेलमधे मावत नाही. हिशेबी मैत्रिणीने पाण्याच्या कडेपासून वर एका रांगेत वाळूत काड्या खोवल्या, अंदाजाने, अर्ध्या अर्ध्या तासाला पाणी कुठवर येईल तिथे एकेक. पहिल्या दोन बरोबर वेळेला बुडाल्या. तिसरी गेली वीस मिनिटं आधी, एका लाटेत, आणि चौथी पण तिच्याच बरोबर. म्हणजे काय, तर टाईड टेबलमधे लाटा नसतात हो. त्यात फक्त चंद्र-सूर्याचं गणित असतं, शांत पाण्याची पातळी. हजार मैलांवर कुठेतरी वादळ झालं आणि तिकडून मोठ्या लाटांचा फुगवटा चालत आला की टेबल तेच राहतं आणि वाळू नाहीशी होते. शिवाय तिकडे रोजच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक खोल आणि एक अर्धवट, त्यामुळे नुसती ‘लो टाईड’ची वेळ बघून उपयोग नाही, किती फुटांची ते बघायचं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप खाली पण जातं आणि खूप वर पण येतं, भांगाच्या दिवसात दोन्ही कमी. तुमच्या सुट्ट्या कुठल्या दिवसांत येतायत यावर सगळं आहे. आणि समुद्राकडे पाठ करून उभं राहू नका, कधीच, वीस मिनिटं गुडघाभर लाटा येतात आणि मग एक येते जी काहीही न सांगता दुप्पट वर चढते. फोटो काढणाऱ्यांनो, हे तुम्हाला आहे.

फोटोवरून आठवलं, एलिफंट सील, म्हणजे या किनाऱ्यावर येऊन पडणारं ते अवाढव्य समुद्री जनावर. सगळ्यात जास्त प्रश्न तिचे. “किती जवळ जाता येतं?” मंडळी, प्रश्नच उलटा आहे.

पहिल्या दिवशी पुंता गोर्डाच्या दीपगृहापाशी पोचलो. दीपगृह म्हणजे एक ठेंगणा काँक्रीटचा बुरूज उरलाय, १९१२ ला सुरू झालेलं, १९५१ ला बंद, इतकं एकाकी की वागणूक नीट नसलेल्या रखवालदारांना शिक्षा म्हणून इथे पाठवायचे असं म्हणतात, ‘दीपगृहांचं अल्काट्राझ’ (अल्काट्राझ म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बेटावरचा तो कुप्रसिद्ध तुरुंग). धुकं असं की वीस पावलांपुढचं दिसेना. आमच्यातल्या एकाने बुटाची नाडी बांधायला वाहून आलेल्या ओंडक्याला सॅक टेकवली. शेजारी अजून एक ओंडका होता, करडा, लांबट. त्या ओंडक्याने एक पंजा उचलला, खसकन वाळू उकरली आणि स्वतःच्या पाठीवर उडवली. अंतर सहा-सात फूट असेल. मग एक फुरफुर, म्हणजे मोटरसायकल नीट सुरू होत नाही तेव्हा जसा आवाज येतो तसा, आणि वास... कुजलेले मासे आणि ओली गोधडी. धुकं जरा विरळ झालं तेव्हा कळलं की आम्ही ओंडके समजत होतो त्यातले निम्मे सील होते.

आम्ही मे महिन्याच्या शेवटी गेलो, तेव्हा माद्या आणि लहान पोरं कात टाकायला किनाऱ्यावर येतात. कातच म्हणतोय कारण नुसते केस गळत नाहीत, केसांसकट वरची कातडी चिंध्या होऊन सुटते. बघणाऱ्याला वाटतं आजारी आहे, मरतेय. नाही, ती फक्त पडलीये. या काळात ते जमिनीवर काही खात नाहीत, अंगातल्या चरबीवर आठवडेच्या आठवडे काढतात. त्याच सील समुद्रात दीड हजार मीटरच्याही खाली बुड्या मारतात, आणि २०२३ ला प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की समुद्रात असताना दिवसाला फक्त दोनेक तास झोपतात, ती पण बुडी मारता मारता खोल पाण्यात. म्हणजे बघा, जनावर महिनोन् महिने दोन तास झोपून आलेलं, उपाशी, अंगावर नवीन कातडी उगवतेय, आणि आपण जाऊन त्याला सेल्फीसाठी उठवायचं. सील डोकं वर करून तुमच्याकडे बघायला लागली याचा अर्थ ती पोझ देत नाहीये, तुम्ही आधीच फार जवळ आलायत. कमीतकमी पन्नास यार्ड, म्हणजे पंचेचाळीस मीटर ठेवा. ती आणि पाणी यांच्या मधे तर कधीच जाऊ नका, घाबरली की ती पाण्याकडेच सुटते आणि मादीसुद्धा पाच-सहाशे किलोची असते, आणि वाळूवर वाटते त्यापेक्षा बरीच जोरात येते. (आमचा फोटोवाला “सोंड कुठंय सोंड” करत हिरमुसला होता. सोंड मोठ्या नरांना असते आणि ते कात टाकायला जुलै-ऑगस्टला येतात. हे पण कुठल्या तारखांना जाता त्यावरच!)

एकोणिसाव्या शतकात तेलासाठी या सील इतक्या मारल्या की शेवटी मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटावर शंभराच्या आसपासच उरल्या होत्या. आज दीड लाखाच्या वर आहेत आणि सगळ्या त्या मूठभरांची पिलावळ. १९७२ पासून अमेरिकेत त्यांना त्रास देणं हा गुन्हा आहे. तर किनारा अरुंद असेल आणि मधे सील पसरली असेल तर तुमचा एक्सेल काहीही म्हणो, थांबा नाहीतर वरच्या धारेवरून वळसा घाला. वळसा घालताना पायाशी बघा, तीन-तीन चकचकीत पानांचं झुडूप दिसलं तर ते पॉयझन ओक, आमच्यातल्या एकाची पोटरी दोन आठवडे खाजत होती. या वळशाला आम्हाला चाळीस मिनिटं लागली, आणि ती चाळीस मिनिटं पण कुठल्याच प्लॅनमधे नव्हती.

अजून एक गंमत याच भागातली. २५ एप्रिल १९९२ ला इथे ७.२ चा भूकंप झाला आणि किनाऱ्याचा एक वीस-पंचवीस किलोमीटरचा पट्टा एका झटक्यात वर उचलला गेला, काही ठिकाणी १.४ मीटरपर्यंत. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले खडकाला चिकटलेले जीव पाण्याबाहेर राहून मेले. म्हणजे ज्या किनाऱ्याची उंचीच अशी बदलू शकते त्याचा कुणाचातरी जुना प्लॅन तुम्ही फॉरवर्ड मागताय.

दुसऱ्या अवघड पट्ट्याबद्दल फार लिहीत नाही कारण तिथे काहीच झालं नाही. मिलर फ्लॅटला आदल्या संध्याकाळी चौघांनी एकाच वेळी चार वेगवेगळ्या कागदांवर ओहोटी काढली, जुळली, सकाळी आवरून बसलो, वेळ झाली, निघालो, पोचलो. कंटाळवाणं म्हणाल इतकं सुरळीत. फक्त मुक्काम हलवताना पाण्याच्या कडेने अस्वलाची पावलं दिसली, आमच्या तंबूपासून तीसेक मीटरवर, मागचा पाय माणसाच्या उघड्या पावलासारखा, टाचेसकट, पाच बोटं. रात्री कुणालाच आवाज आला नव्हता. डबा होता तिथेच होता, जरासा कलंडलेला. वाऱ्याने असेल.

एक दिवस जास्त लागल्यामुळे खाणं कमी पडलं ते ठीक, शेवटच्या सकाळी चौघांत दोन एनर्जी बार होते. पण सॅटेलाइट मेसेंजर (रेंज नसताना उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र) नसता तर? घरी एकाला सांगून ठेवलेलं की अमुक वेळेपर्यंत आलो नाही तर कळव. कुस्की क्रीकवरून “अडकलोय, ठीक आहोत, एक दिवस उशीर” एवढं पाठवता आलं म्हणून बरं, नाहीतर आम्ही तिकडे वाळूत काड्या खोवत बसलेले आणि इकडे शोधाशोध सुरू. कुणाकडून उसना घ्या पण घ्या.

आणि हो, कुणीतरी लाजत विचारलंय म्हणून, शौचाचं. डोंगरात आपण पाण्यापासून लांब जातो, इथे उलटं सांगतात, भरतीचं पाणी पोचतं त्या ओल्या वाळूत खड्डा करून पुरायचं, ओढ्यापासून लांब. कागद मात्र पिशवीत घालून परत आणायचा. पहिल्या दिवशी सगळे संकोचतात, तिसऱ्या दिवशी कोण कुठे चाललाय याची जाहीर घोषणा होते.

तर असं आहे. तुम्ही मला प्लॅन मागू नका, तारखा पाठवा. परमिट मिळालेल्या तारखा, ‘बहुतेक जूनमधे’ असलं नको. मग एका संध्याकाळी कॉल करू, जाणारे सगळे पाहिजेत, फक्त तुमच्यातला ‘तो बघतोय ना’ नाही. प्रत्येकाने स्वतःच्या कागदावर ओहोटी काढायची, फूट आणि वेळ दोन्ही, घड्याळ कुठलं धरलंय ते वर लिहायचं, आणि कागद आपापल्या खिशात. चौघांच्या वेळा जुळल्या नाहीत तर भांडा, घरी भांडण स्वस्त पडतं.

आणि डबा नाण्याने उघडणारा असेल तर प्रत्येकाच्या खिशात एकेक नाणं. ते कॉलची वाट न बघता आजच सॅकमधे टाकून ठेवा.

तुमचाच,
कंबरेपर्यंत भिजलेला दोन नंबर
(एक नंबर फोटोवाला)